झाकलेलं ताट

५ जानेवारी, रविवार

आज मी फूटपट्टी घेऊन पापलेटं मोजली. खरंच! शाळेतली लाकडी, तीस सेंटीमीटरची पट्टी. आमची कोळीण शकूमावशी पायरीवर पाटी उतरवून बसली होती — उतरवायला हात मीच लावला — आणि मी पदर खोचून एकेक पापलेट पट्टीला लावत होते. बारा. साडेअकरा. पुन्हा बारा. साडेतेराच्या आतलं पकडू नये, असा फलक आठवीच्या वर्गाबाहेर मीच लावलाय. मुलांना सांगायचं एक आणि आपल्या तव्यावर भलतंच, हे किती दिवस चालवायचं?

म्हटलं, "मावशी, ही पिल्लं आहेत. आम्ही घेणार नाही. ही खाऊन टाकली तर उद्या मोठी कुठून येणार?" आणखीही बरंच म्हटलं. तास घेतल्यासारखं. कुंपणापलीकडून ठमाबाई कान देऊन ऐकत होत्या, त्यामुळे जरा जास्तच.

 मावशीनं मासे परत रचले, वर ओलं फडकं टाकलं. एवढंच म्हणाली, "उचलाला हात लाव." मी लावला. ती फाटकातून बाहेर पडली.

अण्णा, माझे सासरे, ओटीवरून सगळं बघत होते. सासूबाई जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून अण्णा दिवसाकाठी दहा वाक्यं बोलतात आणि त्यातली आठ शकूमावशीशी. ती चाळीस वर्षं येतेय या दारात. तिचा नवरा भिकू नाखवा म्हणजे अण्णांचा चौथीपर्यंतचा बाकमित्र. तिनं पायरीवर बसून मासे साफ करायचे, रेवदंड्याच्या बातम्या सांगायच्या, अण्णांनी तिला खोटं पाडायचं — असा कार्यक्रम. आज झाला नाही.

वहीच्या मागच्या पानावर नियम लिहिलेत. अकरा. पिल्लू मासा नाही, पाकिटातलं काही नाही, लांबून आलेलं फळ नाही, वाडीत आणि गावात पिकेल ते आधी... पन्नाशीला टेकल्यावर का होईना, सुरुवात केली. बरं वाटतंय!

८ जानेवारी, बुधवार

शकूमावशी आली नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे तिचे वार, चुकायचे नाहीत. अण्णा साडेआठपासून पायरीवर बसून होते, मांडीवर परात घेऊन. मी दहाला शाळेत निघाले तरी तिथेच. म्हटलं, "शुक्रवारी येईल." ते म्हणाले, "बघू."

ताट झाकून ठेवलं होतं. भात, आमटी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. साडेपाचला आले तर तसंच झाकलेलं. फक्त ताक प्यालेले.

१० जानेवारी, शुक्रवार

आली नाही.

१२ जानेवारी, रविवार

देवव्रत काल माणगावहून आला. बँकेत सहा दिवस हिशेब करून आलेला नवरा, घरी आल्यावर त्याला माझ्या चुका काढायला वेळ असतो. सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "तू भवानी न करता पाटी परत पाठवलीस? सकाळची पहिली विक्री? अगं, पाटी उतरवायला हात लावला की काहीतरी घ्यायचंच असतं. निदान चार बोंबील! उतरलेली पाटी तशीच उचलायला लावणं म्हणजे... शिवी दिली असतीस तर परवडलं असतं."

चोवीस वर्षं झाली मला नगरहून या चौलात येऊन. कुणी सांगितलं नाही ते! म्हणाला, "सांगायची वेळच आली नाही. आई दर वेळी काहीतरी घ्यायची."

आता दुसरी कोळीणही आमच्या दारात थांबायची नाही. हे 'शकूचं घर' आहे. काल एकीला हाक मारली तर मान खाली घालून पुढे गेली. आणि रेवदंड्याच्या बाजारात जाऊन त्या सगळ्या बायकांसमोर उभं राहायची माझी तर छाती नाही.

"जा, माफी माग," देवव्रत म्हणाला. कशाला? माशांच्या बाबतीत तरी मीच बरोबर होते!

संध्याकाळी नणंदेचा, गौरीचा फोन. ठाण्याला फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांवर तिचं लांबून लक्ष असतं. दिवाळीला तिनं वजनाचा काटा आणून ठेवलाय. "अण्णांना उभं कर, आत्ता. मी फोन चालू ठेवते." साडेशेहेचाळीस. तिनं आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "वहिनी, तुला दोष देत नाही गं. पण फेब्रुवारीअखेर पन्नास नाही झाले, तर मी त्यांना ठाण्याला घेऊन जाणार."

ठाण्याला! सातवा मजला. तिथे अण्णा कुठल्या पायरीवर बसणार? मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. सासूबाईंनी, आईंनी, शेवटी माझा हात धरून एवढंच म्हटलं होतं — ह्यांना वाडीतून हलवू नका.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बाजरीची भाकरी, वालाचं बिरडं, तिळाची चटणी. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून — काल अर्धा दिवस गेला. बाजरी सोडली तर सगळं दहा कोसांच्या आतलं! अण्णांनी वाडग्यात बोट बुडवून चाटलं. म्हणाले, "चांगलं आहे." आणि उठले.

चांगलं आहे तर खा ना! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानंच.

१७ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस ताट जसंच्या तसं. भाकरी गुणाजीच्या कुत्र्याला. गुणाजीची रिक्षा आमच्या फाटकासमोरच उभी असते, कुत्रं तिच्याखाली. ते मात्र बाळसं धरतंय.

शाळेतून येताना नाक्यावर दोन वडापाव खाल्ले. उभ्यानं. एक नियम क्रमांक पाच (बाहेरचं नाही) मोडणारा, एक क्रमांक सहा (तळलेलं नाही). भूक लागली होती, बस्स. घरी येऊन दोन्ही नियम खोडले. नऊ राहिले. वडा गरम होता, जग बुडालं नाही.

१९ जानेवारी, रविवार

काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस पूर्णांक एक!

दोनदा पाहिलं. खिशातली पानाची डबी काढायला लावली. तरी तेवढंच. आठवडाभर ताट न शिवलेला माणूस सहाशे ग्रॅमनं वाढतो कसा? विज्ञानाची शिक्षिका आहे मी, हवेतून वजन येत नाही हे पक्कं माहीत आहे. गौरीला कळवलं. तिनं टाळ्या पाठवल्या.

अण्णा म्हणाले, "देवळात जाऊन येतो." दोन तासांनी आले. हल्ली देवळात फार वेळ लागतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

कळलं.

सव्वीस जानेवारीच्या तालमीमुळे शाळा बाराला सुटली. घरी आले तर कुलूप. ताट आत झाकलेलं.  विहिरीत डोकावून पाहिलं. तेवढ्यात गुणाजी रिक्षा घेऊन आला. "अण्णा ना? रोज अकराला सोडतो की मी. रेवदंड्याला, शकूबायच्या दारात. एकला आणतो परत. तुमाला म्हाईत न्हाय?"

"माहीत आहे," मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे. आणि त्याच रिक्षात बसले.

कोळीवाड्यात शिरताना दोन्ही बाजूंनी बोंबील वाळत घातलेले. शकूमावशीचं दार अर्धं उघडं होतं. अण्णांची पाठ दिसली. पाटावर बसलेले, पुढे ताट. मावशी आत कुठेतरी, तिचा आवाज तेवढा: "घ्या, येकच घास. ऐका माजं." आणि अण्णांचा — दहा महिन्यांत ऐकला नव्हता असा, मोठा, थट्टेचा आवाज — "अरे, हे बघ, मी घेतो!" आणि घास घेतला. ताटात काय होतं? तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. सकाळी मी घरी झाकून आले होते तेच पदार्थ!

आत गेले नाही. वळले आणि आले.

२५ जानेवारी, शनिवार

झोप नीट लागली नाही. हेवा वाटतोय. लिहून टाकते म्हणजे सुटेन. मी सोलून सोलून नखं मोडली, आणि ते तिच्या हातचं खातात!

मग सकाळी भांडी घासताना वाटलं, आई कधी ताट झाकून कुठे गेल्या होत्या? त्या समोर बसायच्या. अण्णांबरोबर जेवत नसत, पण बसायच्या. वाढायच्या, कटकट करायच्या, "भात सोडू नका" म्हणायच्या. मी काय ठेवते? वर उपडी थाळी घातलेलं, गार, मुकं ताट. अकरा नियमांतला एकही नियम या ताटासमोर कोण बसणार याबद्दल नाही. पिल्लू माशाची काळजी केली आणि घरातल्या म्हाताऱ्याला एकटं जेवायला ठेवलं! लाज वाटली.

शाळा सोडून मला दुपारी बसता येत नाही. शकूमावशीला येतं. मग खाऊ देत तिथे. मी विचारणार नाही, तेही सांगणार नाहीत. गुणाजीला बजावलंय — मी तिथवर आले होते हे बोलायचं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

चोरावर मोर! ताटाशेजारी मोठा डबा भरून ठेवला. म्हटलं, "अण्णा, जास्त झालंय, ठेवून देते हं." संध्याकाळी डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला. आत वाळल्या माशाचा बारीक वास. मी डबा फळीवर ठेवला. अण्णा छताकडे बघत होते.

रात्रीचं जेवण आता मी त्यांच्याबरोबर, त्यांच्या वेळेला, साडेसातला. वह्या नंतर. हा नियम नाही, नुसतं ठरवलंय. पाच दिवसांत एकदाच चुकलं.

२ फेब्रुवारी, रविवार

अठ्ठेचाळीस!

देवव्रतला सगळं सांगितलं. तो इतका हसला की ठसका लागला. "म्हणजे तुझा डबा तिच्या घरी, आणि अण्णा जेवतात तुझंच?" हो, तसंच. "मग आता तरी जाऊन माफी माग." जाईन. जायचंय. पण तिच्या दारात काय म्हणून उभी राहू? पट्टीवाली आली, म्हणेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज अण्णा आपणहून म्हणाले — "मैथिली, डब्यात मिरची घालू नकोस. मीठ कमी. आणि जरा पातळ कर. नाचणीची पेज जमली तर बघ."

ऐंशी वर्षं ठेचा चाखल्याशिवाय न उठणारा माणूस! वरणात मीठ कमी पडलं म्हणून आईंशी दोन दिवस अबोला धरलेला! मी काही न बोलता सुधारणा केली ती ही अशी. माझा विजय. भाषण नाही, पट्टी नाही, नुसतं रोज नीट रांधून ठेवायचं. आज उगीच शाळेत सगळ्यांशी गोड वागले.

आणखी चार नियम खोडले. लांबच्या फळांचा, साखरेचा, चहाचा (हा लिहिला तेव्हा मला काय झालं होतं?) आणि कुणाच्या घरी गेल्यावर नाही म्हणण्याचा. पाच राहिले. ते खरे आहेत, निभतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

पेज. नीरफणसाची मऊ भाजी. कुस्करलेलं बिरडं. डबा दोघांचा करते आता, मावशीही खात असेल. नारळाची कवड आणि चार पांढरे कांदे पिशवीत "विसरले". पिशवीसुद्धा परत आली, आत मूठभर सुकट.

सुकट! म्हणजे तिला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. आणि तरी दिली. परतून खाल्ली. पट्टी लावली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोपटी लावली! अण्णांच्या हुकमानं. वाडीतल्या मोकळ्या जागेत मडकं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, तोंडाशी पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. देवव्रतनं जाळ जास्त केला, अण्णांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. ठमाबाई वास घेत कुंपणाशी आल्या, त्यांनाही बोलावलं. त्या हसून म्हणाल्या, "मोजून आणलंत ना सगळं?" मी म्हटलं, "शेंगांना सूट आहे." सगळे हसले. मीही.

अण्णांनी शेंगा सोलून वाटीभर दाणे बाजूला काढले. मला वाटलं उद्याला ठेवले.

पावणेएकोणपन्नास.

२३ फेब्रुवारी, रविवार

गौरी आली. काट्यावर आधी स्वतः उभी राहिली, तो बरोबर आहे ना बघायला. मग अण्णा. एकोणपन्नास पूर्णांक तीन.

मी म्हटलं, "सातशे ग्रॅमचा तर प्रश्न आहे!" ती म्हणाली, "वहिनी, मला आनंदच आहे. पण तू दिवसभर शाळेत, दादा माणगावला. हे पडले तर कोण बघणार?" तिचं काय चुकलं? तिच्या डोळ्यांत पाणी होतं.  त्या दिवशी विहिरीत डोकावले होते मी.

मंगळवारी सकाळी निघायचं ठरलं. तिनं अण्णांचे सदरे बॅगेत घातले. अण्णा बघत बसले. मग म्हणाले, "तुझ्या ठाण्याहून इथे अकराला पोचायला किती वाजता निघावं लागेल?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

गौरीला सगळं सांगून टाकलं. पट्टी, भवानी, डबा, शकूमावशी. ती भांडेल वाटलं होतं. तिनं उलट डब्यात काय काय असतं ते विचारलं. मग म्हणाली, "उद्या अकराला आपण तिघं जाऊ. मला बघू दे ते कसे जेवतात. मग दुपारी निघू."

उद्या माफीही मागेन. आता सुटका नाही. शाळेत रजा टाकलीय. पाच नियमांचं पान फाडून घेतलंय बरोबर — का, ते मलाच माहीत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शकूमावशी रागावलेली नव्हतीच. मी पाटी परत पाठवली त्याच दुपारी भिकू नाखवांना झटका आला. डावी बाजू गेली. दाराआडच्या खाटेवर आहेत, त्या दिवशी मला अण्णांची पाठ तेवढी दिसली होती. दवाखान्यातून आणल्यावर तोंड उघडत नव्हते. अण्णा समोर बसून आधी आपण घास घेतात, मग ते घेतात. एकाला एक. बिनमिरचीचं, पातळ, कमी मिठाचं!

मी म्हटलं, "अण्णा, मला का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तू पट्टी घेऊन आली असतीस."

मी माफी मागितली; नियमांचं पान पिशवीतच राहिलं. मावशीनं माझे हात धरले. "पट्टी तुजी बरोबर हाय, सूनबाय. पन आदी बोलायचा, मंग पाटीला हात लावायचा."

गौरीनं तासभर नाखवांचा हात-पाय हलवून घेतला. आठ दिवस राहतेय ती, रोज जाणार. बॅग उघडून सदरे परत कपाटात. दुपारी गुणाजीला पाठवून काटा तिकडे मागवला. एकीकडून गौरीनं, दुसरीकडून मी धरून नाखवांना उभं केलं. एक्केचाळीस.

अण्णा चष्मा पुसून आकडा बघत होते. म्हणाले, "भिकू, मार्चअखेर पंचेचाळीस. नाही झाले, तर मी तुला चौलला घेऊन जाणार."